दोन मिनिटांची वाट

गंगाजलाची लहानशी बाटली मुठीत धरून आयसीयूच्या दाराशी ताटकळणारे नातेवाईक कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दिसतात. आत काही नेता येणार नाही, हे उत्तर ठरलेले. नियमामागचे कारण खरे आहे. घशात नळी असलेल्या रुग्णाला पाणी पाजले तर ते फुफ्फुसात उतरू शकते. ऑक्सिजनजवळ निरांजन पेटवणे तर घातकच. पण डॉक्टरांना विचारून बोळ्याने ओठ ओले करता येतात. तुळशीपान उशाशी ठेवता येते. हरिपाठ, सूरह यासीन किंवा त्रिसरण मोबाइलवर कानाशी हळू लावता येते. हे शिकलेली सिस्टर दोन मिनिटांत वाट काढून देते. आज ते तिच्या स्वभावावर सोडलेले आहे, आणि आमचा आक्षेप त्यालाच आहे.

कॅज्युअल्टीतही तेच. शॉक देताना छातीवरचा ताईत बाजूला करावा लागतो, घाईत तुळशीची माळ कापावी लागते. जीव वाचवायचा तर ते केलेच पाहिजे. मात्र कापलेली माळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते की रुग्णाच्या नावाच्या पाकिटातून घरच्यांच्या हाती पडते, हे त्या घराला जन्मभर आठवते.

मरणाच्या दारातील रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. त्यांच्या ‘संपूर्ण वेदने’च्या कल्पनेत शरीर आणि मनाच्या दुःखाइतकेच आत्मिक दुःखही मोजलेले आहे. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन हे असेच हॉस्पिस सुरू झाले. तिथे रुग्णाजवळ बसायला दिवस मिळतात, आयसीयूत कधी तासही मिळत नाही. म्हणून तर आयसीयूतल्या माणसांना असा आधार द्यायला आधीच शिकवायला हवे. ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होणे हे त्यात बसत नाही, आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादणे तर नाहीच. ‘या वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ हा प्रश्न आस्तिकाला विचारता येतो, तसाच नास्तिकालाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक प्रथा रुजवली. प्रयत्न करूनही रुग्ण गेला, की सगळे जण मिनिटभर त्याच्याभोवती स्तब्ध उभे राहतात आणि मग पुढच्या रुग्णाकडे वळतात. यात मृताचा मान आहे, आणि तेवढ्यात राबणाऱ्यांनाही श्वास घेता येतो. त्याला पैसा लागत नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून संवाद आणि नीतिमूल्ये आली, हे चांगलेच झाले. पण पहाटे तीन वाजता खाटेजवळ सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी असतात. शिक्षण त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे, तेही मराठीतून आणि ड्यूटीच्या वेळेत. दाखल करतानाच्या कागदावर एक ओळ वाढवावी : तब्येत खालावली तर कोणाला जवळ बोलवायचे, काय करायला हवे? आणि त्याप्रमाणे करू देण्याचा लेखी अधिकार रात्रपाळीच्या इन्चार्ज सिस्टरला द्यावा.