वारसा समाजाचा, मुखत्यारी दिग्दर्शकाची?

परंपरा मोडणे म्हणजेच कला, असे मानणाऱ्यांना परंपरेचे मोल केव्हा कळते? जर्मन दिग्दर्शक फ्रांक कास्टोर्फ यांची कारकीर्द याचे मार्मिक उत्तर देते. १९५१ साली पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेल्या या रंगकर्मीची प्रयोगशीलता तेथील कम्युनिस्ट राजवटीलाच खपली नाही. आन्क्लाम या छोट्या गावातील नाट्यगृहाचे पद त्यांना गमवावे लागले. त्या दडपशाहीचा निषेधच केला पाहिजे. जर्मनीच्या एकीकरणानंतर मात्र १९९२ ते २०१७ अशी पंचवीस वर्षे बर्लिनच्या फोल्क्सब्यूने या सरकारी अनुदानावरील नाट्यगृहाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. अभिजात कृती घ्यावी, तिची मोडतोड करावी आणि तीत परके उतारे घुसडावेत, ही त्यांची ख्यातकीर्त शैली!

२०१३ साली, वाग्नरच्या द्विशताब्दी वर्षात, बायरॉइथच्या महोत्सवात त्यांनी ‘निबेलुंगाची अंगठी’ हे संगीतनाट्यचक्र सादर केले. पुराणकथेतील पर्वताच्या जागी मार्क्स, लेनिन, स्टालिन आणि माओ यांची प्रचंड शिल्पे उभी राहिली. नायकाने फाफनरचा वध केला, तो कलाश्निकोव्ह बंदुकीने! अखेरीस प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि दिग्दर्शक महाशय कित्येक मिनिटे मंचावर तसेच उभे राहिले.

आता पुढचा अंक पाहा. २०१५ साली म्युनिकमध्ये कास्टोर्फ यांनी हीच शैली ब्रेख्तच्या ‘बाआल’वर चालविली. ब्रेख्त म्हणजे डाव्यांचे दैवत! त्याच्या वारसांच्या वतीने सुरकाम्प प्रकाशनसंस्था न्यायालयात गेली आणि त्यानंतर आणखी दोनच प्रयोग होऊन नाटक थांबवावे लागले. वाग्नरच्या रसिकांची व्यथा ही प्रतिगामी कुरकुर आणि ब्रेख्तच्या वारसांची हरकत हा कायदेशीर हक्क, हा कोणता न्याय?

२०१७ साली फोल्क्सब्यूनेची सूत्रे क्रिस डेरकॉन या संग्रहालय-संचालकाकडे गेली. तेव्हा नाट्यगृहाचा आत्मा आणि वारसा धोक्यात आल्याची हाकाटी झाली, काही आंदोलकांनी वास्तूचा ताबा घेतला, आणि एप्रिल २०१८ मध्ये डेरकॉन पायउतार झाले. म्हणजे पंचवीस वर्षांची परंपरा पवित्र, आणि शतकांची मात्र मोडीत काढण्याजोगी!

रूपांतराला आमचा विरोध नाही. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकाचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तो मराठी मातीत रुजवून. प्रश्न आहे तो मूळ कृतीविषयीच्या आदराचा. लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे जर्मन कायदा त्याच्या शब्दांची राखण करतो. रामायण-महाभारताला ना प्रकाशक, ना वकील. त्यांचा वारस हा समाजच. त्या समाजाने हरकत घेताच त्याला असहिष्णु ठरविणाऱ्या आपल्याकडील पुरोगाम्यांनी ‘बाआल’चा खटला आठवावा. आपणही एक गोष्ट ध्यानी धरावी. या वारशाची राखण बंदीने किंवा दगडांनी होणार नाही. मूळ ग्रंथ वाचणारी, चांगल्या नाटकाला तिकीट काढून जाणारी आणि विटंबनेला निर्भयपणे नापसंती दर्शविणारी घरेच ती करू शकतील.