आबांचा निवाडा एका वाक्यावर नको

रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे आर. आर. आबा, यांच्याविषयी एक मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवले जाते. माणूस भला, पण मंत्री म्हणून नापास. ग्रामविकास खात्यात असताना लोकांच्या हाती खराटे दिले, छायाचित्रे काढून घेतली. गृहखाते पेलले नाही. डान्सबार बंद करून नैतिकतेचा बडगा उगारला. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर एक वाक्य तोंडून गेले नि मंत्रिपदही गेले. सहा वेळा विधानसभेवर निवडून आलेल्या माणसाची कारकीर्द या मंडळींनी चार ओळींत गुंडाळून ठेवली आहे.

त्या वाक्याचे समर्थन होऊ शकत नाही. मुंबईत १६६ माणसे मारली गेली होती. अशा वेळी गृहमंत्र्याने मोठ्या शहरांत लहानसहान घटना घडतात, अशा अर्थाचे काही बोलणे हा अक्षम्य प्रमाद होता, आणि १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला हे योग्यच झाले. डान्सबारबंदीचेही तेच. २००५ चा तो निर्णय उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि मधल्या काळात पोटाला चिमटा बसला तो नाचणाऱ्या बायकांच्या.

पण खराट्याची टवाळी मात्र खपवून घेण्यासारखी नाही. ती अज्ञानातून आलेली आहे.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले. त्याआधीची तीन-चार वर्षे सरकार शौचालयांसाठी अनुदान वाटत होते. कागदावर आकडे फुगले आणि गावात त्या खोल्यांमध्ये सरपण, कडबा, शेळ्या दिसू लागल्या. पैसा गेला, सवय बदलली नाही. आबांच्या खात्याने हा क्रमच उलटा केला. आधी पैसे नाहीत; आधी गावाने श्रमदान करायचे, वर्गणी काढायची, मग तपासणी, मग तालुक्यापासून राज्यापर्यंत चढत्या पायरीने बक्षीस. सरकारी योजना म्हणजे वरून येणारा निधी, हे गणित पाठ झालेल्या राज्यात ही उलथापालथ होती. त्याच सुमारास बांगलादेशात राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल गावी अनुदानाशिवाय, गावाच्या निर्धारावर हागणदारी बंद करण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यावर जगभर प्रबंध लिहिले गेले. तोच विचार तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा माणूस राज्यभर राबवतो तेव्हा ती छायाचित्रांची हौस कशी ठरते?

तपासणी समिती गावात यायची तेव्हा काय पाहायची, हे टीकाकारांनी एकदा समजून घ्यावे. सांडपाणी गटारात साचते की शोषखड्ड्यात मुरते. उकिरडा वेशीबाहेर गेला की नाही. शाळेतल्या पोरांची नखे. माठातले पाणी हात बुडवून काढतात की लांब दांड्याच्या ओगराळ्याने. यात फोटोपुरते काही नव्हते. जुलाबाने दगावणाऱ्या लेकरांशी त्याचा थेट संबंध होता. सातारा जिल्ह्यातले धामणेर, तेव्हाच्या औरंगाबादजवळचे पाटोदा अशी गावे या अभियानातून नावारूपाला आली. २००३ मध्ये केंद्राने निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला तोही याच वाटेने: आधी काम, मग गौरव.

बक्षीस मिळाले की गावे पुन्हा घाण झाली, असे म्हणतात. काही झालीही. पण मंत्री खाते सोडून गेल्यावर पाठपुरावा ढिला पडला तर जाब पुढच्यांना विचारायचा, मागच्याला नव्हे.

या टवाळीमागे एक जुना वाद आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हाही शहरी शहाणपणाने नाके मुरडली होती. गावगाड्यातली माणसे कारभार काय करणार, तिथे नुसते राजकारण माजेल, असे भाकीत होते. आबा त्या भाकिताला दिलेले चालतेबोलते उत्तर आहेत. कमवा-शिका करून शिकलेला हा मुलगा १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षे सावळज गटातून जिल्हा परिषदेत होता. तिथे तो रस्ता, पाणी, शाळा आणि ग्रामसेवक ओळखायला शिकला, आणि १९९९ मध्ये ग्रामविकास मंत्री झाला तेव्हा खाते त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. वशिल्याने मोठे झालेले मंत्री या लोकांना खटकत नाहीत. पायरी-पायरीने वर आलेला खटकतो.

गृहखाते पेलले नाही म्हणणाऱ्यांना एकच गोष्ट दाखवावी. ऑक्टोबर २००९ मध्ये गडचिरोलीत लाहेरीजवळ माओवाद्यांनी १७ पोलीस मारले. त्यानंतर महिन्याभरात आबा पुन्हा गृहमंत्री झाले आणि त्यांनी पालकमंत्रिपद मागून घेतले ते गडचिरोलीचे. जिथे बदली झाली की अधिकारी ती रद्द करून घ्यायला मुंबई गाठतात, तो हा जिल्हा. पोलीस भरतीत चिठ्ठीचपाटी चालू नये म्हणून त्यांनी धरलेला आग्रह गावोगावची धावणारी पोरे अजून सांगतात. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीमही त्यांचीच. बांधावरचे भांडण कोर्टात पिढ्यान् पिढ्या कुजू नये, एवढा साधा तिचा हेतू होता.

१६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वय होते ५७. चार महिन्यांपूर्वीच तासगाव-कवठेमहांकाळने त्यांना पुन्हा निवडून दिले होते, ते वाक्य ठाऊक असूनही. आबांना नापास करायचे असेल तर जरूर करावे; पण त्याआधी १९९९ ते २००३ या वर्षांची ग्रामविकास खात्याची दप्तरे उघडावीत आणि अभियानात बक्षीस मिळवलेल्या एखाद्या गावच्या सरपंचाशी तासभर बोलून यावे.