बियाणं तपासतो, मग रक्त का नाही?

मृग तोंडावर आला की आपला शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर उगवले तर पेरायचं, नाही तर पोतं बाजूला. बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याचं नाव देशभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथंच सुरू केली. आई-बाप वाणाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, हे आपल्याकडच्या सीड प्लॉटवाल्याला शिकवावं लागत नाही. तोच हिशोब माणसाच्या रक्तालाही लागू आहे, हे मात्र आपण सोयरीक जमवताना विसरतो.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार आई-बापाकडून येतात. एकाकडूनच दोष आला तर माणूस केवळ वाहक असतो. तो धडधाकट दिसतो, शेतात राबतो, ऊसही तोडतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असं नाही. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे रीत आहे. नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

सिकलसेल आदिवासींचाच आजार, ही समजूतही सोडावी. विदर्भात तो इतर समाजांतही आहे आणि आपल्या सोयरिकी तिकडे होतातच.

केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जमा झाली, ती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. चांगलंच झालं. पण हे ज्ञान उपकेंद्राच्या पायरीपर्यंत आलं नाही, तर गावाला त्याचा काय उपयोग?

इथं बियाण्याचा दाखला संपतो. खराब बियाणं परत करता येतं, माणूस नाही. वाहक मुलगी म्हणजे खोट असलेली मुलगी नव्हे. दोष बापाकडूनही येतो आणि वाहकानं वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर मुलाला हा आजार होत नाही. म्हणून तपासणीचा कागद ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. चावडीवर नावं वाचली गेली, तर दुसऱ्या दिवशी कोणी रक्त द्यायला येणार नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसाठी तपासणी शिबिर लेखी मागावं. आजारी मुलांना २०१६ च्या दिव्यांग कायद्यातला दाखला मिळवून द्यावा. आणि बापांनो, पत्रिका जुळवायला बसाल तेव्हा रक्ताचा कागदही शेजारी ठेवा. छत्तीस गुण जुळूनही लेकरू दवाखान्यात वाढण्यापेक्षा ते बरं.