दंतवर्णी भरण आणि लोकारोग्य

किडलेला दात उपटून टाकण्यापेक्षा तो वेळीच भरून घ्यावा, ही गोष्ट आता सुशिक्षित समाजास पटलेली आहे. परंतु तो कशाने भरावा, हा प्रश्न मात्र अद्याप केवळ हौसेचा व ऐपतीचा मानला जातो. जयपूरच्या आग्नेयेस नव्याने वाढलेल्या जगतपुऱ्यासारख्या उपनगरात खाजगी दंतवैद्याकडे जाणाऱ्या मनुष्यास दाताच्या रंगाचे भरण आता नवलाचे वाटत नाही. हसताना काळा डाग दिसू नये, एवढाच त्याचा लाभ, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि या अपुऱ्या समजुतीमुळेच हे भरण श्रीमंतांची चैन ठरून गरिबांच्या दवाखान्याबाहेर राहण्याचा धोका आहे.

ज्यास लोक 'दातात चांदी भरणे' म्हणतात, त्या भरणात चांदी थोडीच असते. वजनाने सुमारे निम्मा भाग पारा, आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे, असे ते मिश्रण होय. ते टिकाऊ आहे, स्वस्त आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षे त्याने लोकांची सेवा केली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यात एक मूळचीच उणीव आहे : ते दातास चिकटत नाही. ते निसटू नये म्हणून दंतवैद्यास खळगा तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद असा कोरावा लागतो, आणि त्यासाठी कीड न लागलेला दाताचा भागही खर्ची पडतो. एकदा गेलेले दंतवल्क, म्हणजे दाताचे कठीण कवच, शरीर पुन्हा निर्माण करीत नाही.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग १९५५ साली अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दाखविला. दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल अल्पकाळ लावल्यास त्याच्या पृष्ठभागी सूक्ष्म खाचा पडतात, आणि त्यांत शिरलेली कृत्रिम राळ घट्ट पकड घेते, असे त्यांना आढळले. पुढे १९६२ च्या सुमारास राफाएल बोवेन यांनी राळेत सिलिकेचे बारीक कण मिसळून दंतवर्णी संमिश्र सिद्ध केले. आज ते निळ्या प्रकाशाच्या झोताने काही सेकंदांत कठीण केले जाते. दुसरा पदार्थ म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडन येथे विल्सन व केंट यांनी तयार केलेले हे सिमेंट १९७२ साली प्रसिद्धीस आले. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, त्यास आम्लाची पूर्वतयारी अनिवार्य नसते, आणि त्यातून अल्प प्रमाणात फ्लोराइड पाझरत राहते. दोन्ही पदार्थांचा खरा लाभ रंगात नसून या चिकटपणात आहे. किडलेला तेवढाच भाग काढावा व निरोगी भाग राखावा, हे त्यामुळे शक्य झाले.

फ्लोराइडचे नाव निघताच राजस्थानातील वाचक दचकेल, आणि ते स्वाभाविकही आहे. जयपूर जिल्ह्यात, तसेच महाराष्ट्रातील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत, अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळते, व त्यामुळे मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. परंतु दात घडत असताना वर्षानुवर्षे पोटात जाणारे पाणी वेगळे, आणि भरणातून पाझरणारा सूक्ष्म अंश वेगळा. दोहोंची गल्लत करून या सिमेंटास भिण्याचे कारण नाही.

आता पाऱ्याविषयी. तोंडात बसलेल्या चांदीच्या भरणामुळे बहुसंख्य लोकांस अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. सुस्थितीतील जुने भरण भीतीपोटी उकरून काढणे उलट अनिष्ट होय, कारण त्या कोरण्यातच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. खरा प्रश्न पाऱ्याच्या पुढील प्रवासाचा आहे. दवाखान्याच्या मोरीतून तो पाण्यात जातो; आणि जेथे मृतदेहास अग्नी देण्याची रीत आहे, त्या आपल्या देशात दातांतील पारा चितेच्या उष्णतेने वाफ होऊन हवेत मिसळतो. जपानमधील मिनामाता येथील विषबाधेची स्मृती जागती ठेवून २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१८ साली अनुमोदन दिले. त्या कराराच्या सदस्य राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे दातांतील पारायुक्त भरण २०३४ पर्यंत बंद करण्याचे ठरविले. तेव्हा बदल करावा की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तो कोणाच्या खर्चाने व्हावा, एवढेच ठरावयाचे आहे.

दंतवर्णी भरणातही दोष आहेत, आणि ते झाकून त्याचा पुरस्कार करणे शास्त्राला धरून होणार नाही. राळेचे संमिश्र घट्ट होताना किंचित आकसते. ते भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. वेळ व कौशल्य अधिक लागते. आणि दाढांमध्ये ते चांदीच्या मानाने लवकर निकामी होते, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. ग्लास आयोनोमर मोठ्या दाढेच्या चर्वणभाराखाली झिजते. तथापि लहान खळग्यांसाठी, व विशेषतः मुलांच्या दुधाच्या दातांसाठी, ते उत्तम काम देते.

याच ठिकाणी गरिबांचा मार्ग मोकळा होतो. १९८० च्या दशकात टांझानियात अशी पद्धत रूढ होऊ लागली की, वीज व यंत्र यांवाचून केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडावी आणि खळगा या सिमेंटाने भरावा. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंटास आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. जी वस्तू आवश्यक, ती चैन कशी ठरेल?

यास्तव, प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळांची दंततपासणी व सरकारी दंत महाविद्यालये यांत या सिमेंटाचा नियमित पुरवठा व प्रशिक्षण यांची तरतूद आतापासून व्हावयास हवी. तसे न झाल्यास २०३४ नंतर जगतपुऱ्यातील संपन्न रहिवाशाची दाढ शुभ्र दिसेल, पण जवळच्या खेड्यातील मजुराची दाढ भरली न जाता उपटली जाईल. दात वाचविणाऱ्या शोधाचा असा परिणाम होऊ देणे कोणत्याही समाजास शोभणारे नाही.