पडद्यावरचा दगड आणि क्लासची फी

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा बारावी झाला. आता व्हिडिओ गेममधले दगड बनवायला शिकायचे म्हणतो आणि क्लासवाले भरमसाट फी सांगतात. “दगड रंगवून कुणाचे पोट भरते काय?” असे त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही पडलो कारकून माणसे. तरी चौकशी करून जे समजले ते येथे देत आहोत.

काम खोटे नाही. १९९३ साली ‘डूम’ नावाचा गेम आला. त्यातल्या जमिनीच्या चित्राचा तुकडा ६४ बाय ६४, म्हणजे अवघ्या ४०९६ ठिपक्यांचा. आज मोठ्या गेममधल्या दगडाच्या चित्रात एकेका बाजूलाच ४०९६ ठिपके असू शकतात. एकूण १ कोटी ६७ लाखांच्या वर! इतक्या बारकाईत भेग, शेवाळ, पावसाचा ओघळ सारे दिसते, तसा खोटेपणाही दिसतो.

या चित्राला टेक्श्चर म्हणतात, आणि ते एकटे नसते. एका चित्रात नुसता रंग, दुसऱ्यात चकाकी कुठे किती याची नोंद. तिसरे जांभळट-निळे, त्याला नॉर्मल मॅप म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून संगणकाला कळते, आणि सपाट भागही उजेडात खडबडीत भासतो.

फोटो काढायचा तो ढगाळ दिवशी. उन्हात काढला तर सावली चित्रातच राहते आणि गेममधला सूर्य दुसरीकडे असला की सोंग उघडे पडते. पोलंडमधल्या एका छोट्या कंपनीने २०१४ साली ‘द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर’ या गेमसाठी खऱ्या दगडांचे, भिंतींचे चहूबाजूंनी फोटो घेऊन ते संगणकात उभे केले. लोक बघत राहिले.

पण कॅमेऱ्याआधी नजर लागते. फोडलेल्या खडीची धार तीक्ष्ण, नदीतला गोटा गुळगुळीत. जांभा भोकाभोकांचा, काळा दगड घट्ट. ओला झाला की दगड गडद होतो नि चकाकतो. ज्यांच्या घरी कुणी खाणीवर किंवा रस्त्याच्या खडीवर राबले आहे, त्या मुलांनी आधी त्या थोरांजवळ बसावे. दगड कुठून फुटतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते.

आता धोक्याचे. तयार दगडांचे मोठे साठे आज विकत किंवा फुकट मिळतात. असा साठा करणारी क्विक्सेल ही स्वीडनची कंपनी २०१९ साली एपिक या बड्या अमेरिकन कंपनीने घेतली. कृत्रिम बुद्धिमत्ताही अशी चित्रे काढू लागली आहे. तेव्हा “नोकरीची हमी” म्हणणाऱ्याकडे आम्ही संशयानेच पाहतो. केवळ दगडावर विसंबू नये. झाडे, घरे, माणसे, सगळेच शिकावे.

आणि फीसाठी दागिने मोडू नयेत. ब्लेंडर, क्रिटा ही सॉफ्टवेअरे फुकट आहेत, बरासा संगणक मात्र हवा. सहा महिने मुलाने स्वतः हात चालवावा. मग क्लास लावायचाच तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचे काम आधी पाहावे, फी हप्त्याने भरावी आणि प्रत्येक हप्त्याची पावती मागून घ्यावी.