कुबसाची चोळी

आपल्या बिदर-कलबुर्गी भागात डोहाळजेवणाला दोन नावे आहेत. मराठी घरात ते ओटीभरण, आणि कन्नड घरात कुबुस. कुबुस म्हणजे चोळी. माहेरची माणसे हिरवी साडी, हिरवी चोळी, बांगड्या आणि गोडधोड घेऊन येतात, आणि त्या एवढ्या सगळ्या आहेरात चोळीचा मान इतका मोठा की साऱ्या सोहळ्याला तिचेच नाव पडले. आमच्यासारख्या घरांत, जिथे आई मराठीत रागावते आणि आजी कन्नडात लाड करते, तिथे हा कार्यक्रम दोन्ही नावांनी एकदाच होतो.

पण आजकाल कुबसाला येणारा ब्लाऊज जरा नीट पाहा. अंगाबरोबर शिवलेला, हुक पाठीमागे, बाह्यांवर आणि गळ्यावर आरीचे काम, मण्यांची झालर. फोटोत तो फार शोभतो. दोन-तीन महिन्यांनी बाळ मांडीवर आले की मात्र तो कपाटात जातो, कारण तो घालून बाळाला पाजताच येत नाही. आणि हे तिच्या लक्षात येते ते नेमके पहिल्यांदा चार माणसांत गेल्यावर. लग्नात, बारशाला किंवा बसमध्ये.

मग काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कल्याण मंटपात बाळ रडू लागते. ती बिचारी जागा शोधत फिरते. वधूची खोली भरलेली, स्वयंपाकघरात आचारी, उरते ते न्हाणीघर. नाही तर कोणी तरी वडीलधारी सुचवते, "आजच्या दिवस बाटली दे की." आजचा दिवस मग उद्याचाही होतो. बाळ अंगावर कमी प्यायले की दूध कमी होते, आणि दूध कमी झाले की "तिला दूधच पुरत नाही" असा शिक्का बसतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त पाजत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील बाळांपैकी ६३.७ टक्केच बाळे फक्त आईच्या दुधावर होती. बाकीच्यांची कारणे अनेक असतील. त्यांत एक कारण लाज आणि गैरसोय हेही आहे.

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी एखाद-दुसरी लेकुरवाळी मुलगी असतेच. अशीच एक बी.ए.ची विद्यार्थिनी परीक्षेला आली होती. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. पेपर तीन तासांचा. दीड तासातच तिचा ब्लाऊज समोरून भिजला. तिने पदर ओढून घेतला, थोडा वेळ तशीच लिहीत राहिली आणि शेवटी अर्धा पेपर ठेवून उठून गेली. उत्तरे तिला येत होती. एक वर्ष गेले ते दोन ओल्या डागांपायी.

म्हणून मैत्रिणींनो, आज थोडे शिंप्याच्या दुकानातले बोलू.

पहिली गोष्ट, ब्लाऊज पुढून उघडणारा हवा. वरचे हुक तसेच ठेवून खालचे दोन-तीन काढता आले आणि ब्लाऊज किंचित वर सरकला, की काम झाले. त्यासाठी तो सैल हवा. शिंप्याला स्पष्ट सांगा, "दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे माया सोडा." बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माप सारखे बदलते, म्हणून सातव्या महिन्यातच सहा ब्लाऊज शिवून ठेवू नका. दोन पुरेत, बाकीचे नंतर.

दुसरी गोष्ट, कापड. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. सुतीच हवे, धुवून मऊ झालेले असेल तर उत्तम. रंग गडद, त्यावर बारीक छापा. ओला डाग त्यात दिसत नाही. साध्या फिक्या सिल्कवर तो लगेच उठून दिसतो. टिकल्या, जर आणि आरशाचे काम बाळाच्या गालाला टोचते. पदराला सेफ्टी पिन लावायचीच असेल तर मागच्या बाजूला, बाळाचा हात आणि तोंड जाणार नाही अशी. लांब मंगळसूत्र पाजताना पाठीवर टाकावे.

तिसरी गोष्ट, आतले कपडे. पुढून उघडणारी, तार नसलेली सुती ब्रा घ्या, आणि शक्यतो शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर माप घेऊन घ्या. गच्च ब्रामुळे दूध तुंबते, गाठी होतात, कधी तापही येतो. आतून ठेवायला जुन्या मऊ धोतराच्या चौकोनी घड्या करून ठेवा. ओली झाली की लगेच बदला. ओले तसेच राहिले तर त्वचा हुळहुळते. पिशवीत चार घड्या आणि एक जास्तीचा ब्लाऊज असला की परीक्षेचा पेपरसुद्धा पुरा होतो. पेपरला किंवा कामाला जाण्याच्या अगदी आधी बाळाला पाजून घ्यावे.

सलवार-कुर्ता घालणाऱ्यांसाठी शिवणीत लपलेली चेन असलेले कुर्ते दुकानांत मिळतात. शिंपीही जुन्या कुर्त्याला तशी चेन लावून देतो. नाही तर आत एक सैल बनियन घाला: कुर्ता वर, बनियन खाली, त्यामुळे पोट आणि पाठ उघडी पडत नाही.

राहिला पदर, म्हणजे कन्नडातला सेरगु. यासारखी सोय दुसरी नाही. पण बाळाचे तोंड पूर्ण झाकू नका. उन्हाळ्यात आत कोंडते, बाळ घामेजून रडते, आणि त्याने नीट धरले आहे की नाही हे आईला दिसत नाही. खांद्यावरून सोडलेला एक पातळ पंचा आणि वरून आईला दिसेल एवढी फट, एवढे पुरे. घरी आरशासमोर दोन-चार वेळा करून पाहा. बाळ मुठी चोखू लागले, तोंड इकडेतिकडे फिरवू लागले की लगेच घ्या. रडे फुटले की सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात; शांतपणे पिणाऱ्या बाळाकडे कोणाचे लक्षही जात नाही.

२०२३च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाल्यापासून आपल्या बायकांचा बसप्रवास वाढला आहे. बसमध्ये खिडकीची जागा घ्या, खिडकीकडे वळून बसा आणि शेजारी बाईमाणूस असेल असे पाहा. सीमेपलीकडे महाराष्ट्रात एस.टी.च्या अनेक स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' असतो. रात्री तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेल्याची जिची कथा सांगतात, तिचेच हे नाव. पण नाव दिले म्हणजे सोय झाली असे नाही. २०२२च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. दोनच महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात हिरकणी कक्षातली धूळ आणि गैरसोय त्यांना सर्वांसमोर सांगावी लागली. आमदारबाईंची ही गत, तर आपल्या परीक्षार्थी मुलीची काय?

कायदा मात्र आईच्या बाजूने आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या दिवसात दोन सुट्या दिल्या, २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे केली, आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. २०२५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी बाळाला पाजण्यात लाज मानण्यासारखे काही नाही असे सांगून, नव्या सार्वजनिक इमारतींत त्यासाठी जागा राखण्याची आणि जुन्यांत शक्य तितकी करून देण्याची बाजू उचलून धरली. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्याबरोबर आपल्या निपाणीत जन्मलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे होते, ही सीमाभागाला जरा अभिमानाची गोष्ट.

तेव्हा पुढच्या कुबसाला, ओटीभरणाला जाल तेव्हा भरजरी ब्लाऊज जरूर न्या, पण त्याबरोबर गडद सुती कापडाचे दोन खण आणि शिलाईचे पैसेही द्या. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी मंटप ठरवतानाच एक खोली, एक पंखा, एक पाठीची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या लेकुरवाळ्यांसाठी बाजूला ठेवावा. आणि पुरुषमंडळींनो, तुमच्याकडे एकच मागणे: बाळ दूध पीत असेल तेव्हा उगाच खोलीत डोकावू नका, आणि बाळ रडायच्या आत सुनेला पंगतीतून उठू द्या. तिचे ताट झाकून ठेवायला कोणी तरी आहेच.