कारभाऱ्याचा हिशेब

आमच्या मंडळीत दरवर्षी हंगामाचा सण असतो. ज्या मित्रांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : शेतात पीक आले की त्यातला वाटा देवाच्या दारी आणायचा, उपकारस्तुती करायची आणि भक्तीनंतर त्या वस्तूंचा लिलाव करून पैसे मंडळीच्या कामास द्यायचे, अशी ही रीत. आमचे मूळ गाव संगमनेर तालुक्यात. तिथे माझी आजी डोक्यावर बाजरीची पाटी घेऊन चर्चला जात असे. अंबडला आमच्यापैकी बहुतेकांना शेत नाही. आम्ही कारखान्यांच्या भोंग्यामागे आलेली माणसे. त्यामुळे सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बाजारातून भोपळा, ऊस, नारळ विकत आणतो आणि देवाला म्हणतो, "हे आमच्या हंगामाचे फळ."

गेल्या वर्षी लिलाव चांगला रंगला. एका नारळावर इतकी चढाओढ झाली की टाळ्या थांबेनात. मग जेवणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तरुण संघाची मुले झाडलोट करायला गेलो, तेव्हा थर्माकोलच्या ताटांची आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांची चार पोती भरली. अशा ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कोणीतरी ती पोती मागच्या भिंतीशी नेऊन पेटवली. आजी फाटकाशी उभी होती. ती म्हणाली, "काल ज्याचे आभार मानले, त्यालाच आज धूर दिला का गं?"

मी हे कमिटीतील एका काकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "बाळ, मंडळीचे काम आत्म्याचे. कचरा नि झाडे महानगरपालिकेकडे." काका सज्जन आहेत, परंतु त्यांचे हे मत मला पटत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, तो बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी. अद्याप पाप घडलेले नाही, मंदिर नाही, याजक नाही. अशा वेळी माणसाला जे काम मिळाले ते माळ्याचे. पुढे लेवीयच्या पुस्तकात सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यावा असा नियम येतो. अनुवादाच्या पुस्तकात तर शत्रूच्या नगराला वेढा घातला तरी तेथील फळझाडे तोडू नयेत, अशी ताकीद आहे. म्हणजे झाड आणि जमीन ही धर्माबाहेरची बाब कधीच नव्हती. ती बाहेर काढली आपण.

१९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून निसर्गाच्या नासाडीचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला दिला. हा आरोप आपण झटकून टाकू नये. पृथ्वीवर माणसाला सत्ता दिली, या वचनाचा अर्थ पुष्कळांनी मालकी असा केला, हे खरे आहे. परंतु येशूच्या दाखल्यांत वारंवार भेटतो तो कारभारी, आणि धनी त्याच्याकडे मागतो हिशेब. आमच्या गावाकडे घर चालवणाऱ्याला कारभारी म्हणतात. घर त्याच्या हाती असते, पण म्हणून त्याने वासे विकायचे नसतात.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर पडली आणि तिथल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढे उभे राहिले. ही चळवळ एका धर्माची राहिली नाही. सर्व धर्मांचे लोक तीत उतरले. पुढे हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले. १९९३ साली 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली. दरेवाडीसारख्या टंचाईच्या गावात डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. परंतु त्याआधी गावाला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान कबूल करावे लागले. ज्याच्या दारी चार शेळ्या, त्याला चराईबंदी किती जड गेली असेल! तरी गावाने ती पाळली, म्हणून पाणी मुरले. काही सोडल्यावाचून राखण होत नाही.

आता अंबडकडे वळते. येथून जवळच नंदिनी नदी वाहते. जुनी माणसे तिला नासर्डी म्हणतात. टाकळीजवळ ती गोदावरीला मिळते. त्याच संगमावर समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली. आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात येते. हे मी घरी बोलले तेव्हा वडील जेवत होते. ते इथे एका कारखान्यात कामाला आहेत. ते शांतपणे म्हणाले, "तुझी कॉलेजची फी कुठून येते?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. गावचे शिवार कोरडे पडले म्हणून आम्ही इथे आलो. कारखान्याने आम्हाला भाकरी दिली, मला आमच्या घरातली पहिली कॉलेजकन्या केले. कारखाने बंद करा, असे मी म्हणूच शकत नाही. पण एका ठिकाणचे पाणी आटले म्हणून आलो, तर दुसऱ्या ठिकाणचे पाणी नासताना गप्प बसावे काय? चर्चच्या एकाच बाकावर कामगार बसतो, सुपरवायझर बसतो, लहानसा कारखानदारही बसतो. "आपले पाणी शुद्ध करून सोडतो ना?" हे त्यांनी एकमेकांना विचारायचे नाही तर कोणी? मात्र तो प्रश्न विचारण्याचा हक्क मागच्या भिंतीशी ताटे जाळणाऱ्यांना नाही. आधी आपले अंगण, मग नदी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वार्षिक सभेत खजिनदार वर्गणीची पै न् पै वाचून दाखवतात. त्याच वहीत आणखी तीन ओळी असाव्यात : सणाला कचरा किती झाला, पाणी किती लागले, आणि गेल्या वर्षी लावलेल्या झाडांपैकी जगली किती. रोप लावतानाचा फोटो पुष्कळ निघतो; दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालते, ते वहीत यावे.

स्टीलची ताटे आणू म्हटले तर लगेच विचारणा झाली, "घासणार कोण?" प्रश्न खरा आहे, कारण उत्तर ठरलेले असते : महिला मंडळ. पृथ्वीची राखण पुन्हा बायकांच्याच कमरेवर पडणार असेल, तर ती मला मान्य नाही. जो जेवेल त्याने आपले ताट घासावे, मग तो पाळक असो की पाहुणा.

मित्रहो, तुमच्या गणपतीच्या, जयंतीच्या, उरुसाच्या पंगतीनंतरही अशीच पोती भरत असतील. तुम्हीही आपापल्या वहीत ही ओळ घालून पाहा. आमच्या तरुण संघाने यंदाच्या सणासाठी दीडशे ताटे भाड्याने ठरवली आहेत. कमिटीचा होकार अजून यायचा आहे. वडिलांना विचारले, तर ते एवढेच म्हणाले, "नळाला पाणी कमी येतं तिथं. दोन पिंप आधी भरून ठेवा."

— द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी